डाव्या हातासाठी बोर्ड

॥ श्री ॥

जळगाव,
रविवार, ५ जानेवारी २०२५

ती. प्रकाशभाऊ,

जय जिनेंद्र. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, इकडे सगळे बरे आहेत. आईला माझा धोक सांगा, पाया पडते म्हणावं. गुडघ्याला तेल लावते का, ते तुम्ही स्वतः बघा. मी फोनवर विचारलं की ती "लावते" म्हणते आणि मागून भाभी काहीच बोलत नाहीत, त्यावरून काय ते मला कळतं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. तुमचा फोन दुकानात गल्ल्याशेजारी असतो आणि तो स्पीकरवर असतो. मी एक वाक्य बोलले की साड्या बघायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा त्यावर मान हलवतं. शिवाय दिवाळीत आपल्यात जे झालं त्यानंतर आपण दोघं फोनवर फक्त हवा आणि तब्येत बोलतो. मला त्यापेक्षा जास्त सांगायचं आहे. मी रोज वही लिहिते हे तुम्हाला ठाऊक आहे. आज वहीऐवजी तुम्हाला लिहिते आहे, एवढंच समजा.

तुमच्या हर्षिताची परीक्षा शनिवारी, २५ तारखेला, दुपारी बारा वाजता आहे. परदेशातल्या विद्यापीठांसाठीची ती परीक्षा घरी बसून, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर देता येते. तिला नाशिकला किंवा मुंबईला एकटी पाठवायची नाही असं तुम्ही म्हणालात, म्हणून आमच्या वरच्या खोलीत द्यायचं ठरलं. आणि तुमचं दुसरं वाक्यही माझ्या लक्षात आहे. "एकदा देऊन बघ. झालं तर पाठवीन. नाही झालं तर फैजपूरच्या लोकांना मुलगी बघायला बोलावीन, मग नाटकं नकोत." तुमचा शब्द दोन्ही बाजूंनी पक्का असतो, त्यामुळे ती जेवतानाही पुस्तक सोडत नाही.

आता मुख्य गोष्ट. या परीक्षेत कच्च्या कामाला कागद चालत नाही. एकही नाही. गणितं सोडवायला फक्त एक छोटा पांढरा बोर्ड, पुसता येणारा मार्कर आणि एक फडकं. सुरुवातीला तो बोर्ड कॅमेऱ्यासमोर पुढून-मागून धरून दाखवायचा, शेवटी पुसून पुन्हा दाखवायचा. पलीकडे कुणीतरी माणूस बसलेला असतो, तो बघतो. कोण, कुठे, माहीत नाही. मला या माणसाचं फार कुतूहल आहे. दिवसभर जगातल्या पोरांच्या भिंती, टेबलं आणि कोरे बोर्ड बघत बसायचं, असलं काम करणारा माणूस घरी जाऊन काय सांगत असेल?

स्टेशनरीचं दुकान आमचंच, तेव्हा बोर्ड ही काय मोठी गोष्ट, असं मला वाटलं होतं. मी शेल्फवरून एक काढून दिला. दुसऱ्या दिवशी हर्षिता खाली आली, तिचा डावा तळहात काळा. बोर्डावर निम्मं गणित गायब. मला मग कळलं. आपण उजव्या हाताने लिहितो तेव्हा हात पुढे सरकतो आणि अक्षर मागे राहतं. डावखुऱ्या माणसाचा हात स्वतःच्या अक्षरावरून चालत जातो. कागदावर हे भागून जातं. या बोर्डावर ती लिहिते आणि पुसते, दोन्ही एकाच वेळी.

तेव्हापासून तीन आठवडे मी याच्या मागे लागले आहे. दुकानात सात जातीचे मार्कर होते, आणखी चार मोतीलालजींकडून मागवले. ते आम्हाला घाऊक माल देतात, वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मी शाई कशाची असते ते विचारलं. त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांनी कारखान्यात फोन लावून विचारलं. तर या शाईत रंग असतो, लवकर उडून जाणारं स्पिरिट असतं, आणि एक तेलकट पदार्थ असतो. स्पिरिट उडालं की तो तेलकट थर रंगाला पृष्ठभागावर बसू देत नाही. म्हणजे अक्षर बोर्डाला टेकलेलंच नसतं. हे ऐकून मी बराच वेळ एका "क"कडे बघत बसले.

वाळायला किती सेकंद लागतात ते मी घड्याळ लावून मोजलं. एका मार्करला चार, एकाला अकरा. काळा सगळ्यात स्वच्छ पुसला जातो, लाल सगळ्यात वाईट. मार्कर उभे ठेवले की शाई एका टोकाला जाते, म्हणून आडवे ठेवायचे. आम्ही वर्षानुवर्षं ग्लासात उभे करून विकतो आहोत, याची लाज वाटली आणि मी सगळे आडवे केले. बोर्डांचं आणखी वेगळं. स्वस्त बोर्डावर लिहून तासभर ठेवलं की पुसल्यावरही फिकट सावली राहते. चकचकीत बोर्डावर ट्यूबलाईट चमकते आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही. एक दोन्ही बाजूंनी लिहायचा होता, पण त्याची चौकट खडखडते. मी सगळ्यांवर एकच बेरीज लिहून एक तास, एक दिवस, एक आठवडा ठेवली आणि वहीत तक्ता केला.

पारस म्हणाले, "तुला बघायला आलो होतो तेव्हा आमच्या घरच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती." मी म्हटलं, म्हणूनच तुमची चूक झाली.

एक दिवस मी अर्धा दिवस डाव्या हाताने लिहून बघितलं. तिला काय होतं ते कळावं म्हणून. बिल लिहिताना एका गिऱ्हाइकाने विचारलं, ताई, हाताला काय लागलं? बेबाबाई, आमच्याकडे धुणंभांडी करते ती, दारात उभी राहून हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "पुसानंच शे ते लिखानं कसाले?" पुसायचंच तर लिहायचं कशाला, याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

काल ठरलं. पत्र्यावर पांढरा मुलामा दिलेला, वहीएवढा, लाकडी पट्टीची चौकट. मागे साधा तपकिरी हार्डबोर्ड. मार्कर बारीक टोकाचा, काळा, चार सेकंदात वाळणारा. हर्षिताने त्यावर एक अख्खं गणित सोडवलं, तळहात उलटा करून मला दाखवला. स्वच्छ.

भाऊ, मला एवढा आनंद कशाचा झाला ते मी वहीत लिहायला बसले आणि लिहू शकले नाही. तिचं तिथे पुढे काय व्हायचं ते होवो, तिच्या हाताखालचं अक्षर मात्र आता राहील.

तुमची बहीण,
चेलना


॥ श्री ॥

जळगाव,
सोमवार, २७ जानेवारी २०२५

ती. प्रकाशभाऊ,

जय जिनेंद्र. थंडी अजून आहे. बामणोदच्या एका ओळखीच्यांनी भरताची वांगी आणून दिली, त्यातली निम्मी धुळ्याला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली आहेत. भाभींना सांगा, ती तुरीच्या काट्यांवरच भाजायची, गॅसवर नाही. पारसची सर्दी आता कमी आहे. दुकानात दहावी-बारावीच्या पॅडची गर्दी सुरू झाली.

परवाचं हर्षिताने तुम्हाला फोनवर सांगितलंच. पेपर जमला नाही, मीच उठले, असं ती म्हणाली. मी शेजारीच उभी होते. तुम्ही तिला रागावला नाहीत, उलट "जाऊ दे, प्रयत्न केलास" म्हणालात, ते मी ऐकलं. तुमचा आवाज इतका मऊ बऱ्याच दिवसांनी ऐकला. त्यामुळे मध्ये काही बोलायचं राहून गेलं.

मीही त्याहून वेगळं काही सांगू शकत नाही. बोर्ड चांगला होता. मार्करही चांगला होता. त्यांचा दोष नाही, एवढं तुम्हाला कळावं असं मला वाटतं, का ते विचारू नका. मागच्या पत्रात मी त्यांच्याबद्दल फारच लिहिलं होतं.

हर्षिता ठीक आहे. कालपासून ती मला स्वयंपाकात मदत करते आहे. तिला पोळ्या लाटता येतात हे मला माहीत होतं. इतक्या गोल येतात हे माहीत नव्हतं. मला ते बघवत नाही.

या पत्रात आणखी काही नाही. वांग्यांच्या पिशवीत एक डबा आहे, तो परत पाठवा.

चेलना


जळगाव,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. प्रकाशभाऊ,

जय जिनेंद्र.

या कागदावर वर श्री लिहिलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो मी विसरले नाही. हात तिथे गेला होता, मी मागे घेतला. का, तेच सांगायला हे पत्र आहे. हे तुम्ही दुकानात वाचू नका. वर जाऊन वाचा.

तुम्ही परवा फोनवर सांगितलंत की फैजपूरची मंडळी पुढच्या रविवारी, १६ तारखेला, धुळ्याला येणार आहेत आणि हर्षिताला शुक्रवारपर्यंत पोहोचवा. मी "बरं" म्हटलं. त्यानंतर दोन दिवस मी ते "बरं" परत कसं घ्यायचं याचा विचार करते आहे. दुसरा रस्ता नाही, झालं तसं सांगितलं पाहिजे.

हर्षिता परीक्षेतून उठली नाही. तिची परीक्षा सुरूच झाली नाही. पहिला प्रश्नसुद्धा तिने बघितलेला नाही. आणि त्याला कारण मी आहे.

त्या दिवशी सकाळी मी खोली तयार केली. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, कपाटाला चादर लावली, टेबलाखाली हात फिरवून बघितला. एक सोडून बाकीचे सगळे बोर्ड, मार्कर, कागद स्वतः खाली आणले, कारण नियमात लिहिलं होतं की खोलीत जास्तीचं काही नको. बेलची वायर काढली. बेबाबाईला मिक्सर लावायचा नाही म्हणून सांगितलं, तर तिने नळसुद्धा बंद ठेवला. अकरा वाजता मी निवडलेला बोर्ड शेवटचा एकदा पुसला. मग तो उलटा केला आणि मागच्या हार्डबोर्डवर, खालच्या कोपऱ्यात, बॉलपेनने श्री लिहिला. मुगाच्या दाण्याएवढा.

तुम्हाला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. आपल्या घरात कोरी वस्तू कोरी वापरत नाहीत. आईने पाटीवर लिहिला, शिवणयंत्रावर लिहिला, फ्रीज आला तेव्हा त्याच्या आतल्या भाजीच्या ट्रेवर लिहिला. माझ्या सासरीही तेच. दुकानात नवा माल उघडला की पहिल्या खोक्यावर माझा हात आपोआप जातो. तसाच गेला, असं मी त्या दिवशी म्हणाले. हर्षितालाही तेच म्हणाले.

पावणेबाराला ती खोलीत गेली आणि दार लावलं. एकदा ओळखपत्र वगैरे तपासायला सुरुवात झाली की तिला बाहेर येता येत नाही आणि आत कुणी जायचं नाही. मी जिन्यावर बसले. आतून ती इंग्रजीत बोलताना ऐकू आली. मला वाटलं तपासणी चालली आहे. नंतर काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं.

काय झालं ते तिनेच मला सांगितलं, तसंच लिहिते. कॅमेऱ्यापलीकडे एक बाई होती, सभ्य बोलणारी. तिने बोर्ड पुढून बघितला, मागून बघितला आणि थांबवलं. कोपऱ्यात काय लिहिलं आहे? हर्षिताला तोपर्यंत ते माहीतच नव्हतं. तिने उलटून बघितलं आणि तिला हसू आलं, कारण अक्षर माझं होतं. ती म्हणाली, हा शुभ शब्द आहे, काही सुरू करण्याआधी आम्ही लिहितो. त्या बाईने विचारलं, याची तुम्हाला परीक्षेत मदत होते का? भाऊ, तुमची मुलगी आहे ती. खोटं बोलायला अर्धा सेकंद लागतो, तोही तिच्याकडे नसतो. ती म्हणाली, लिहिण्यामागे हेतू तोच असतो.

मग ती बाई पुसा म्हणाली. हार्डबोर्डवरचं बॉलपेन पुसलं जात नाही. हर्षिताने फडक्याने घासलं, अंगठ्याने घासलं, थुंकी लावून घासलं. दुसरा बोर्ड आणा. दुसरा खोलीत नाही. हा बाहेर ठेवते म्हटलं, तर दार उघडायचं नाही. बोर्डाशिवाय देते, पण लिखाण असलेली वस्तू खोलीत असताना सुरू करता येत नाही. ती बाईही शेवटी सॉरी म्हणत होती म्हणे. बारा वाजून आठ मिनिटांनी पडदा बंद झाला.

बाहेर आल्यावर तिने जिन्यातच मला हे सगळं सांगितलं. नंतर तिने मला बोर्ड दिला आणि म्हणाली, "भुवा, पप्पांना हे सांगायचं नाही. ते तुला आयुष्यभर ऐकवतील." आणि मी काही म्हणायच्या आत तिने तुम्हाला फोन लावला. पेपर जमला नाही, मीच उठले. माझी चूक तिने स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी शेजारी उभी राहून घेऊ दिली. दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, "तिच्या डोक्यात हे सगळं तूच भरवलंस, आणि निस्तरायला मी." त्या वाक्याची मला भीती वाटली. खरं कारण एवढंच, ते मोठं करून सांगत नाही.

म्हणजे तुम्ही तिला दिलेली एक संधी तिने वापरलेली नाही. ती अजून तशीच शिल्लक आहे. हे तुम्हाला माहीत असल्याशिवाय फैजपूरच्या लोकांसमोर तिला बसवणं म्हणजे तुमचाच शब्द मी तुमच्या नकळत मोडल्यासारखं होईल.

इथे पत्र संपवता आलं असतं. काल रात्रीपर्यंत संपवलंही होतं. सकाळी पुन्हा वाचलं आणि ते अर्धंच खरं आहे असं लक्षात आलं.

परीक्षा रद्द झाल्यावर मी माझी वही काढली. ३ जानेवारीच्या पानावर मी परीक्षेचे नियम उतरवून घेतले होते. त्यात एक ओळ आहे: "दोन्ही बाजू कोऱ्या हव्यात." तिच्याखाली मीच रेघ मारलेली आहे. तुम्हाला पत्रातही मी "पुढून-मागून" असं लिहिलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. तीन आठवडे सावली राहते का ते भिंग लावून बघणाऱ्या बाईला माहीत होतं. तरी हात गेला. तो नुसता सवयीने गेला का?

मला हे खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून मी एक प्रयोग केला. आठवडाभर घरात आणि दुकानात जी नवी वस्तू येईल ती मी नेहमीसारखी हाताळायची आणि पारसनी गुपचूप बघायचं. मी कधी लिहिते, मला ते कळतं का. अकरा वस्तू आल्या. कॅल्क्युलेटर, झाडू, कात्री, मसाल्याचा डबा, पंख्याचा रेग्युलेटर, असंच. पारस शनिवारी म्हणाले, "नऊवर लिहिलंस, आणि त्यातल्या सहा वेळा तू माझ्याशी बोलत होतीस. झाडूवरसुद्धा लिहिलंस, बाई. देव आता केर काढणार का?" ते मला मोकळं करायला बघत होते. सवय म्हणजे सवय, झालं, असं त्यांचं म्हणणं.

मी त्या नऊ वस्तू पुन्हा बघितल्या. सगळ्यांवर श्री समोर आहे. वरच्या बाजूला, मध्यभागी, सगळ्यांना दिसेल असा. माझी सवय लपवत नाही. बोर्डावर मात्र मी तो उलटा करून, कोपऱ्यात, बारीक लिहिला होता.

पुढची बाजू तिच्या गणितांसाठी मोकळी ठेवायची म्हणून मागे लिहिला, असंही असू शकतं. मी स्वतःला ते दहा वेळा सांगितलं आहे. पण दुसरंही असू शकतं, आणि ते मी इथे लिहून टाकते, कारण नाही लिहिलं तर पुन्हा कधी लिहिणार नाही.

चार वर्षं इंजिनिअरिंगची आणि वर हे सहा महिने हर्षिता आमच्याकडे आहे. आम्हाला मूल नाही, हा विषय आपण कधी बोललो नाही आणि आताही बोलायचा नाही. पण जिन्यावरून तिची चप्पल वाजली की पारस टीव्हीचा आवाज कमी करतात. मी दुपारी दोनदा चहा करायला शिकले. त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघी रोज संध्याकाळी जमिनीवर बोर्ड मांडून बसायचो, ती वाळायची सेकंदं मोजायची आणि मी लिहून घ्यायचे. पंचेचाळीस वर्षांत मला इतकं कुणाशी जमलं नव्हतं. तो बोर्ड सापडला त्या दिवशी मला झालेला आनंद मी वहीत लिहू शकले नाही, असं मी तुम्हाला कळवलं होतं. लिहू शकले नाही, कारण तो पूर्ण आनंद नव्हता. आता शोधायचं काही राहिलं नाही, पुढे फक्त तिचं जाणं राहिलं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

मी मुद्दाम केलं, असं मी म्हणत नाही. नाही केलं, असं शपथेवर सांगू शकत नाही. या दोहोंच्या मध्ये नेमकी कुठे आहे, ते मला समजत नाही, आणि तुम्हीही मला सांगू शकणार नाही. तुम्ही दिवाळीत म्हणालात की मी तिला तुमच्यापासून लांब नेते आहे. भाऊ, मी तिला लांब जाऊ देत नव्हते, असंच निघालं बहुतेक.

आता व्यवहाराचं. मी परीक्षेच्या लोकांना सगळं लिहून कळवलं. लिखाण माझं होतं आणि विद्यार्थिनीला ते माहीत नव्हतं, असं सही करून पाठवलं. परवा उत्तर आलं. त्यांनी ती बैठक धरलेली नाही, आणि शनिवार, १ मार्च, सकाळी दहाची वेळ दिली आहे. तुमची अनुमती असेल तरच ती नक्की करायची. बारा तारखेपर्यंत कळवायचं आहे.

माझं मागणं एवढंच की परीक्षा या वेळी धुळ्याला, तुमच्या घरी व्हावी. आईच्या शेजारची खोली शांत आहे. दार तुम्ही लावा. बाहेर तुम्ही बसा. सामान दुसरं घ्या, आग्रा रोडवर कुठेही मिळेल, आणि हर्षिताला बरोबर न्या. काय घ्यायचं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या दिवशी मी धुळ्याला येणार नाही, फोनही करणार नाही. माझ्या घरी ती पुन्हा परीक्षेला बसली तर मी माझ्या हातांवर लक्ष ठेवीन, आणि लक्ष ठेवूनही काय होईल याची मला खात्री नाही.

आज दुपारी हे पत्र इथपर्यंत लिहून झालं आणि मी ते हर्षिताला वाचायला दिलं. तिच्याबद्दलचं तिच्या मागे पाठवणं बरं नाही. सवयीने झालं, यावर तिने विश्वास ठेवला होता. तो विश्वास मी फसवून मिळवलेला असेल तर परत करायला हवा होता. तिने जिन्यावर बसून वाचलं. मधलं पान दोनदा वाचलं. मी आत उगाच भांडी लावत होते. ती आत आली, पानं नीट एकावर एक केली आणि म्हणाली,

"भुवा, जाऊ नकोस, असं तू तोंडाने म्हणाली असतीस ना, तर मी तुझ्या गळ्यात पडून रडले असते. आणि तरी गेले असते."

मग तिने मला भांडी नीट लावून दिली. मी सगळी चुकीच्या फळीवर ठेवली होती.

हे ती मला म्हणाली. पण पत्र कुणाला जाणार आहे, हे तिला ठाऊक होतं.

मी शुक्रवारी तिला धुळ्याच्या गाडीत बसवते आहे. फैजपूरच्या मंडळींना भेटायला की परीक्षेची तयारी करायला, हे ती बसमध्ये बसताना तिला माहीत असावं, असं मला वाटतं. तुमचं उत्तर मला पाठवू नका, भाऊ. ते तिला सांगा, स्पीकर बंद करून.

तिला साडेचार वर्षं आपली म्हणून ठेवून घेतलेली,
आणि आज तुमच्या हवाली करणारी,
चेलना